काळ्या पाच पट्ट्या आणि फिरवलेली स्ट्रिंग

एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची किंवा आकड्यांची ओळ, दुसरीला फिरवून मिळते का, हा प्रश्न प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींत इतक्या वेळा विचारला जातो की त्याचे उत्तर बहुतेकांना तोंडपाठ असते. दोन्हींची लांबी सारखी आहे का ते पाहायचे, पहिली स्ट्रिंग तिच्याच पुढे पुन्हा एकदा जोडायची, आणि त्या दुप्पट स्ट्रिंगमध्ये दुसरी सापडते का ते शोधायचे. एका ओळीत मावणारे हे उत्तर बरोबर आहे आणि देखणेही आहे. मात्र या प्रश्नात खरी कसोटी लागते ती त्या ओळीच्या आधी आणि नंतर: ‘अक्षर’ कशाला म्हणायचे हे ठरवताना, आणि ‘हो’ असे उत्तर आल्यावर ‘किती फिरवून?’ असे विचारताना. मी प्रोग्रॅमिंग शिकवते आणि ग्वाल्हेरात राहते, त्यामुळे हे समजावायला मला हार्मोनियमइतके चांगले साधन दुसरे सापडलेले नाही.

आधी व्याख्या नीट करून घेऊ. फिरवणे म्हणजे स्ट्रिंग कोणत्याही एका जागी कापायची आणि पुढचा तुकडा उचलून मागच्या तुकड्याच्या शेवटी लावायचा; दोन्ही तुकड्यांच्या आतला क्रम जसाच्या तसा राहतो. ‘कमल’ फिरवून ‘मलक’ आणि ‘लकम’ मिळतात, पण ‘कलम’ कधीच मिळत नाही, जरी त्यातली अक्षरे तीच असली तरी. जपमाळेचा मेरुमणी काढून टाकला तर तिला जसे पहिले आणि शेवटचे टोक उरत नाही, तसे या स्ट्रिंगची दोन्ही टोके जोडून एक वर्तुळ झाले आहे असे समजावे. मग मूळ प्रश्नाचा अर्थ इतकाच उरतो की या दोन स्ट्रिंग म्हणजे एकच वर्तुळ दोन वेगवेगळ्या जागी कापून सरळ केलेले आहे का.

आता हार्मोनियम. एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. काळी तीन हा सा धरून फक्त काळ्या पट्ट्याच वाजवत वर जावे: काळी तीन, काळी चार, काळी पाच, मग पुढच्या सप्तकातली काळी एक, काळी दोन, आणि पुन्हा काळी तीन. प्रत्येक पट्टीपासून पुढच्या काळ्या पट्टीपर्यंत किती घरे पुढे जावे लागते ते, मधल्या पांढऱ्या पट्ट्याही धरून, मोजत गेले, तर २, २, ३, २, ३ असे आकडे मिळतात. हे सा, रे, ग, प, ध आहेत, म्हणजे भूपाचे स्वर. आता पट्ट्या त्याच ठेवून फक्त सा बदलावा. काळी चारला सा मानले की अंतरे २३२३२ होतात आणि मध्यमाद सारंगाचे स्वर मिळतात. काळी पाचपासून ३२३२२, म्हणजे मालकंस. काळी एकपासून २३२२३, म्हणजे दुर्गा. काळी दोनपासून ३२२३२, म्हणजे धानी. एकही नवी पट्टी न दाबता पाच रागांची स्वरावली निघाली, कारण २२३२३ या पाच आकडी स्ट्रिंगची फिरवून मिळणारी रूपे पाचच आहेत आणि त्यातले प्रत्येक रूप आपल्या संगीतात वापरात आहे. गायकांना हे मूर्च्छनेच्या अंगाने पूर्वापार माहीत आहे. ‘सा हलवला’ असे ते म्हणतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. फिरवायची ती अंतरे, स्वरांची नावे नव्हेत. भूप ‘सा रे ग प ध’ असा लिहिला आणि मालकंस ‘सा ग म ध नि’ असा लिहिला, तर या दोन स्ट्रिंग एकमेकींना फिरवून मिळत नाहीत. मालकंसात मध्यम आणि निषाद आहेत, जे भूपात मुळी नाहीतच. कारण स्वराचे नाव सापेक्ष असते, सा कुठे धरला यावर ते ठरते, आणि सा बदलला की सगळी नावे बदलतात. वर्तुळ फिरवताना जे बदलत नाही, तेच अक्षर म्हणून घ्यावे लागते. नावे घेऊन अगदी निर्दोष प्रोग्रॅम लिहिला तरी तो भूप आणि मालकंसाचा काही संबंध नाही असे सांगेल, आणि त्याला दिलेल्या स्ट्रिंगपुरते त्याचे उत्तर बरोबरही असेल. म्हणून प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी स्ट्रिंग कशाची बनवायची हे ठरवण्यावर जितका वेळ जाईल तितका तो सार्थकी लागतो, असे माझे ठाम मत आहे.

माझी भाची इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते आणि संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जाते, त्यामुळे हा प्रश्न तिला या रूपात सांगणे सोपे गेले. तिने पहिल्यांदा सुचवलेली पद्धत अनेकांना सुचते.

“मावशी, सगळ्यांत दोनचा आकडा तीनदा आणि तीनचा दोनदाच येतो. दोन्ही स्ट्रिंगचे आकडे क्रमाने लावले आणि सारखे आले, की झालं ना?”

“भूपातला धैवत काढून कोमल निषाद घे,” मी म्हणाले, “आणि मग अंतरे मोज.”

सा, रे, ग, प, कोमल नि: २, २, ३, ३, २. आकडे तेच, तितकेच. पण यात दोन ३ शेजारी शेजारी आले आहेत, आणि भूपाच्या वर्तुळात कुठूनही निघाले तरी ते कधीच शेजारी येत नाहीत. काळ्या पट्ट्यांवर ही स्वरावली कोणत्याही पट्टीपासून वाजत नाही, हे तिने बोटांनी करून पाहिले. आकड्यांची मोजदाद जुळणे ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. ती जुळली नाही तर नकार लगेच देता येतो, इतकाच तिचा उपयोग.

दुसरी सुचणारी पद्धत अशी की दुसऱ्या स्ट्रिंगचे पहिले अक्षर पहिलीत जिथे सापडेल तिथून पुढे जुळवत जायचे. ही पद्धत सर्व अक्षरे वेगवेगळी असताना चालते आणि अक्षरे पुन्हा येऊ लागली की फसते. मध्यमाद सारंगाची २३२३२ ही स्ट्रिंग २ ने सुरू होते. भूपाच्या २२३२३ मध्ये पहिला २ अगदी सुरुवातीलाच आहे, पण तिथून जुळवायला गेले तर दुसऱ्याच आकड्यावर २ आणि ३ अशी गाठ पडते. इथे ‘नाही’ म्हणून थांबले तर उत्तर चुकते, कारण खरी जुळणी पुढच्या २ पासून आहे. म्हणजे प्रत्येक २ पासून प्रयत्न करणे भाग आहे, आणि शेवटाला पोहोचल्यावर वळून पुन्हा सुरुवातीला येणेही भाग आहे.

हे वळणे टाळण्यासाठीच स्ट्रिंग दुप्पट करायची. भूप दोनदा लिहिला की २२३२३२२३२३ मिळते, आणि आता कोणत्याही घरापासून सुरुवात केली तरी पुढे पाच घरे सरळ रेषेत उपलब्ध असतात. हे बरोबर का, याचा पुरावा दोन्ही बाजूंनी देता येतो आणि तो लहान आहे. पहिली स्ट्रिंग ‘य’ आणि ‘र’ अशा दोन तुकड्यांची बनली असेल आणि दुसरी ‘र’ व ‘य’ अशी असेल, तर दुप्पट केलेली पहिली ही ‘य र य र’ अशी होते आणि तिच्या मधोमध ‘र य’ हजर असते. उलट, तेवढ्याच लांबीची दुसरी स्ट्रिंग त्या दुप्पट स्ट्रिंगमध्ये कुठेतरी सापडली, तर ती जिथे सुरू होते तिथपासून पहिल्या प्रतीच्या टोकापर्यंतचा भाग हा ‘र’ असतो, आणि उरलेला भाग दुसऱ्या प्रतीच्या सुरुवातीचा, म्हणजे ‘य’ असतो. लांबी सारखी असण्याची अट या दुसऱ्या बाजूसाठी लागते. ती नसेल तर ‘२३’ ही दोन आकडी स्ट्रिंगसुद्धा आत सापडते, आणि प्रोग्रॅम निःशंकपणे ‘हो’ म्हणतो. दोन्ही स्ट्रिंग रिकाम्या असतील तर उत्तर ‘हो’ असावे. व्याख्येप्रमाणे तेच योग्य आहे. दुसऱ्या प्रतीचे शेवटचे अक्षर खरे तर लागतच नाही, कारण तिथपर्यंत जाणारी जुळणी म्हणजे पुन्हा पहिलीच जुळणी असते. आणि स्मृती वाचवायची असेल तर दुप्पट स्ट्रिंग प्रत्यक्षात बनवण्याचीही गरज नाही: घराच्या क्रमांकाला लांबीने भागून उरलेली बाकी घ्यावी, म्हणजे एकाच प्रतीवर गोल फिरता येते.

आता ‘किती फिरवून’ या प्रश्नाकडे येऊ, कारण माझ्या मते बहुतेक ठिकाणी हा प्रश्न अर्धवट सोडला जातो. मुलाखतीत ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच मागतात. पण दुप्पट भूपात मालकंसाची ३२३२२ शोधली तर ती घर क्रमांक २ पासून सापडते, मोजणी शून्यापासून धरून. भूपाचा शून्यावा स्वर सा, पहिला रे, दुसरा ग. म्हणजे भूपातल्या गंधाराला सा मानले की मालकंस. दुर्गा ३ वर सापडते, म्हणजे पंचमावर. धानी ४ वर, म्हणजे धैवतावर. प्रोग्रॅमने नुसते ‘हो’ म्हटले असते तर गायकाच्या दृष्टीने त्यात काहीच नवीन नव्हते. तो आकडा परत मिळाला तर कोणत्या स्वरावर बसायचे ते कळते. शोध घेताना हा आकडा आपोआप हाती येत असतो. तो टाकून देणे म्हणजे केलेल्या कामाचा निम्मा भाग वाया घालवणे आहे, म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी तो परत करायला सांगते, आणि न सापडल्यास उणे एक.

शोधाच्या खर्चाबद्दल. प्रत्येक घरापासून अक्षर न् अक्षर ताडून पाहण्याची सरळ पद्धत लहान स्ट्रिंगला पुरते. पण एका स्ट्रिंगमध्ये ९९,९९९ वेळा ‘अ’ आणि शेवटी ‘ब’ असेल, आणि दुसरीत तितकेच ‘अ’ आणि शेवटी ‘क’ असेल, तर प्रत्येक घरापासून ‘ब’ येईपर्यंत सगळे जुळत जाते आणि मगच फिसकटते. एकूण तुलना ५०० कोटींच्या घरात जातात, आणि उत्तर शेवटी ‘नाही’ असेच येते. यावरचा उपाय १९७७ साली डोनाल्ड कनूथ, जेम्स मॉरिस आणि व्हॉन प्रॅट यांनी एकत्रितपणे प्रसिद्ध केला. मॉरिस यांना तो टेक्स्ट एडिटर लिहिताना सुचला होता, तर कनूथ स्वतंत्रपणे, सैद्धांतिक बाजूने, तिथेच पोहोचले होते. त्यातला विचार असा की जे एकदा वाचले ते पुन्हा वाचायचे नाही. जुळणी तुटली, तर आतापर्यंत जुळलेल्या भागाची किती शेपटी नव्या जुळणीचे डोके म्हणून चालेल एवढेच पाहायचे, आणि ते आधीच तक्त्यात लिहून ठेवायचे.

दुर्गाच्या २३२२३ वर हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. दुप्पट भूपातला पहिला २ जुळतो, दुसऱ्या जागी ३ हवा असतो पण २ येतो. हा २ च नवी सुरुवात म्हणून धरला जातो. मग ३ जुळतो, २ जुळतो, म्हणजे ‘२३२’ हाती आले. आता दुर्गाला पुन्हा २ हवा आहे, पण समोर ३ आहे. सरळ पद्धत इथे मागे जाऊन पुढच्या घरापासून नव्याने सुरुवात करेल. ही पद्धत मागे जात नाही. हाती असलेल्या ‘२३२’ चा शेवटचा २ हा दुर्गाचा पहिला २ होऊ शकतो हे तक्ता सांगतो, आणि दुर्गाला २ नंतर ३ च हवा आहे, जो समोर उभा आहे. त्यामुळे तो ३ वाया न जाता लगेच जुळतो, पुढे २, २, ३ जुळतात आणि शोध घर क्रमांक ३ वर पूर्ण होतो. वर दिलेल्या लाख अक्षरांच्या उदाहरणात ५०० कोटींच्या जागी तक्ता बनवण्यासकट सहा लाखांच्या आत काम आटोपते. रोजच्या कामात ही पद्धत स्वतः लिहावी लागतेच असे नाही, पायथॉनच्या ३.१० आवृत्तीपासून मोठ्या स्ट्रिंगच्या आतल्या शोधासाठी क्रोशमोर आणि पेरँ यांची १९९१ मधली पद्धत वापरली जाते, आणि तीही लांबीच्या प्रमाणातच वेळ घेते. तरी एकदा तरी दुर्गा अशी हाताने शोधावी.

काळ्या पट्ट्यांवरून पांढऱ्यांवर आले की विषय आणखी रंगतो. पांढरी एकपासून सात पांढऱ्या पट्ट्यांची अंतरे २२१२२२१ अशी येतात. हा बिलावल थाट; थाट म्हणजे रागांची वर्गवारी करण्यासाठी धरलेली सात स्वरांची चौकट. पुढच्या पट्टीपासून २१२२२१२, म्हणजे काफी. मग क्रमाने भैरवी, कल्याण, खमाज आणि आसावरी. सातव्या पट्टीपासून १२२१२२२ मिळते, पण त्यात दोन मध्यम येतात आणि पंचम येत नाही, म्हणून त्याला थाटाचा मान नाही. म्हणजे पंडित भातखंडे यांनी मांडलेल्या दहा थाटांपैकी सहा थाट एकाच वर्तुळाचे आहेत. आमच्या ग्वाल्हेरातले माधव संगीत महाविद्यालय १९१८ साली भातखंडे यांच्याच मार्गदर्शनाखाली सुरू झाले, त्यामुळे इथे गाणे शिकणाऱ्या मुलांना हे दहा थाट पाठ असतात. उरलेले चार, भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, यांत ३ चे अंतर येते, जे बिलावलात कुठेच नाही, म्हणून ते त्या वर्तुळातले नाहीत हे शोध न घेताही कळते. ते चार आपापसातही फिरवून मिळत नाहीत. सा धरून उरलेल्या अकरा स्वरांतून सहा निवडण्याच्या ४६२ पद्धती आहेत. सात ही मूळ संख्या असल्यामुळे, आणि सातही अंतरे सारखी असणे शक्य नसल्यामुळे, प्रत्येक वर्तुळाची बरोबर सात वेगळी रूपे होतात, आणि म्हणून एकूण वर्तुळे ६६ भरतात. आपले दहा थाट त्यातल्या फक्त पाच वर्तुळांत बसले आहेत.

लांबी मूळ संख्या नसेल तेव्हा मात्र सावध राहावे. २२२२२२, म्हणजे दोन-दोन घरांच्या सहा उड्या, कुठूनही कापली तरी तीच राहते. अशा स्ट्रिंगसाठी ‘किती फिरवून’ याला एकच उत्तर नसते, आणि शोध सर्वात लहान आकडा परत करतो, हे वापरणाऱ्याला सांगून ठेवले पाहिजे.

हार्मोनियम सोडून नाट्यशास्त्राकडे गेले की ‘अक्षर कोणते’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. हार्मोनियमवरची बारा घरे सारख्या मापाची असतात. भरताने मात्र सप्तकाच्या बावीस श्रुती, म्हणजे बारीक अंतरे, मानल्या, आणि षड्जग्राम या मूळ स्वररचनेत सा, रे, ग, म, प, ध, नि यांना अनुक्रमे ४, ३, २, ४, ४, ३, २ श्रुती दिल्या. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने उतरतो, म्हणून ती मोजणी ४, ३, २, ४, ३, ४, २ अशी होते. हार्मोनियमवर जे अंतर सरसकट २ दिसते ते इथे कधी ४ आहे तर कधी ३, म्हणजे अक्षरे दोनाऐवजी तीन झाली. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो की हे दोन ग्राम एकमेकांना फिरवून मिळतात का. आकड्यांची मोजदाद जुळते: दोन्हींत तीन ४, दोन ३ आणि दोन २. दुप्पट षड्जग्राम ४३२४४३२४३२४४३२ असा लिहून त्यात ४३२४३४२ शोधली तर ती सापडत नाही. डोळ्यांनीही हे पटते: षड्जग्रामात एका जागी दोन ४ शेजारी येतात, मध्यमग्रामाच्या वर्तुळात ते कुठेही शेजारी येत नाहीत. म्हणून प्रत्येक ग्रामाच्या सात अशा चौदा मूर्च्छना खरोखर चौदाच भरतात. त्यांतली एकही दोनदा मोजली गेलेली नाही.

एक मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच आहेत, दोन्हींची स्ट्रिंग २२३२३ आहे आणि शून्याने फिरवून ती जुळते. पण भूपाचा वादी, म्हणजे सर्वात महत्त्वाचा स्वर, गंधार आणि देशकाराचा धैवत; त्यांचे चलन वेगळे, वेळ वेगळी, आणि जाणकाराला दोन आलापांत ते ओळखू येतात. स्ट्रिंग फक्त स्वरावली सांगते. राग त्यात मावत नाही, आणि कोणी प्रोग्रॅमच्या उत्तरावरून दोन राग ‘एकच’ म्हणू लागला तर त्याला थांबवलेच पाहिजे.

अक्षराचा हाच प्रश्न आपल्या लिपीत रोज भेटतो. ‘लष्कर’ हा शब्द घ्या, आमच्या शहराचा तो एक मोठा भाग आहे. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात: ल, ष्क, र. संगणकाला युनिकोडप्रमाणे, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाप्रमाणे, पाच चिन्हे दिसतात: ल, ष, हलन्ताची खूण, क, र. अक्षरांप्रमाणे फिरवले तर ‘ष्करल’ आणि ‘रलष्क’ एवढेच मिळायला हवेत. पण चिन्हांवर चालणारा प्रोग्रॅम ‘करलष्’ लाही बिनदिक्कत ‘हो’ म्हणतो, कारण त्याने जोडाक्षर मधोमध कापले आहे. मात्रेने सुरू होणारी स्ट्रिंग निदान डोळ्यांना खटकते. ही खटकतही नाही, म्हणून जास्त धोक्याची. उपाय असा की आधी दोन्ही स्ट्रिंग युनिकोडच्या एकाच प्रमाण रूपात आणाव्यात, म्हणजे ‘ऱ’ एकीकडे एका चिन्हाचा आणि दुसरीकडे र व नुक्ता (खालचा ठिपका) अशा दोन चिन्हांचा लिहिलेला असला तरी घोटाळा होत नाही. मग त्यांचे अक्षरांत तुकडे करून यादी बनवावी, आणि दुप्पट करणे व शोधणे त्या यादीवर करावे. हे तुकडे करण्याच्या युनिकोडच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम २०२३ मधल्या १५.१ आवृत्तीत आला, त्यामुळे लायब्ररी त्याआधीची असेल तर ती ‘ष्क’ चे दोन तुकडे करते. वापरण्यापूर्वी ‘लष्कर’ देऊन तीन येतात का ते पाहून घ्यावे.

स्ट्रिंग दोनच असतील तर दुप्पट करून शोधणे पुरते. हजारो स्ट्रिंग असतील आणि त्यांतल्या कोणकोणत्या एका वर्तुळाच्या आहेत हे हवे असेल, तर प्रत्येक जोडी तपासत बसणे शहाणपणाचे नाही. त्याऐवजी प्रत्येक स्ट्रिंगचे सर्वात लहान रूप काढावे, म्हणजे सर्व फिरवलेल्या रूपांपैकी शब्दकोशाच्या क्रमात जे पहिले येईल ते, आणि ती रूपे सारखी आहेत का एवढेच पाहावे. केलॉग बूथ यांनी १९८० साली हे रूप लांबीच्या प्रमाणात लागणाऱ्या वेळात काढून दाखवले. काळ्या पट्ट्यांच्या वर्तुळात हे सर्वात लहान रूप २२३२३ येते, म्हणजे भूप स्वतःच. पांढऱ्या पट्ट्यांच्या वर्तुळात ते १२२१२२२ येते, म्हणजे पंचम नसलेले, थाट न ठरलेले रूप. प्रतिनिधी निवडण्याचा हा नियम संगीताचा नाही, फक्त आकड्यांचा आहे, त्यामुळे त्या रूपाला याहून अधिक अर्थ देऊ नये.

जीवशास्त्रात हेच काम खऱ्या वर्तुळांवर करावे लागते. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातला डीएनए हे १६,५६९ जोड्यांचे बंद वर्तुळ आहे. ते फाइलमध्ये लिहायचे तर कुठून तरी सुरुवात करावीच लागते, आणि दोघांनी दोन ठिकाणांहून सुरुवात केली तर तोच क्रम वेगळा दिसतो. तिथे आणखी एक पदर आहे: डीएनएचे दोन धागे उलट दिशांनी वाचले जातात, म्हणून फिरवण्यासोबत उलटी, पूरक अक्षरांची स्ट्रिंगही तपासावी लागते.

उलट वाचण्याची ही गोष्ट भाचीने थाटांवर लावून पाहिली. पूर्वीची अंतरे १३२११३१, तोडीची १२३११३१. मोजदाद सारखी, पण दुप्पट पूर्वीत तोडी सापडत नाही. पूर्वी उलटी लिहिली की १३११२३१ होते, आणि ती दुप्पट केल्यावर, १३११२३११३११२३१, तिच्यात तोडी घर क्रमांक ३ वर सापडते. पूर्वीच्या पट्ट्या वरून खाली मोजत गेले तर तोडीचेच वर्तुळ हाती येते, हे तिने हार्मोनियमवर पट्ट्यांना खडूच्या खुणा करून तपासले. मारव्याला मात्र दहा थाटांत असा आरशातला जोडीदार नाही. उलटा मारवा १२२१२३१ कोणत्याच थाटाच्या वर्तुळात बसत नाही.